रेघेत भरलेला चुना

कुंभाराच्या घरात जन्मून, तेरा वर्षं मातीत लोळून आणि लहानपणी ती चोरून खाऊनसुद्धा, मी एका लग्नाच्या मडक्यांच्या रेघांत चुना भरला. यात एवढं काय, असं ज्यांना वाटलं त्यांनी लाजू नये. तुमच्या घरात कधी चाक फिरलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांच्या घरात फिरलं आहे त्यांनी आत्तापर्यंत कपाळावर हात मारून घेतला असेल. त्यांना विनंती की शिव्या एवढ्यात संपवू नका. पुढे लागतील.

बाकीच्यांसाठी सांगते. मातीत चुनखडीचा बारीकसा खडा राहिला तर मडकं घडतं, वाळतं, भाजतंही अगदी शहाण्यासारखं. भट्टीतून निघताना त्याच्या तोंडाकडे पाहून कुणाला शंका यायची नाही. पण आतला खडा त्या आगीत भाजून जागा झालेला असतो. त्याला पाणी लागलं की तो फुगतो आणि अंगावरचा मातीचा पापुद्रा उडवून देतो. म्हणून आमच्याकडे कालवलेली माती आधी बोटांनी चाचपायची, खडा लागला की वेचून अंगणाबाहेर भिरकवायचा. हे काम घरातल्या सगळ्यात लहान बोटांचं, म्हणजे माझं. सहाव्या वर्षापासून मी खडे वेचत होते. पांढरा कण दिसला की मला त्याचा राग यायचा. आणि तीच मी, एके दुपारी, वाटीभर चुना घेऊन बसले. माझ्या त्या वेळच्या डोक्यात डोकावून पाहिलं तर तर्क असा सापडतो: खडा वाईट, कारण तो खडा आहे, भिंतीला लावायचा चुना तर लोण्यासारखा मऊ, त्यात खडा कुठे? हा तर्क मी कुणाला विचारून पडताळला नाही. विचारायला कुणी शहाणं लागतं, आणि तेव्हा पनवेलात माझ्याहून शहाणं कुणी मला दिसत नव्हतं.

आमचं घर म्हणजे एक लांबट खोली, पुढे पडवी, पडवीत दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, चाक, समोर अंगण आणि मागे परस. भट्टी परसाच्या टोकाला. आज तिथे सात मजली इमारत आहे आणि भट्टीच्या जागी नेमकं पार्किंग आलं आहे; मी मुद्दाम जाऊन पावलं मोजून पाहिली, तर एका दाढीवाल्याने मला हटकलं, आजी, कुणाकडे जायचंय? काय सांगणार? मी त्याला म्हटलं, गाडी शोधतेय. आता मी नवीन पनवेलात तिसऱ्या मजल्यावर राहते. खिडकीवरून विमानं जातात आणि शेजारपाजारचे लोक आवाजाची तक्रार करतात. मला आवाजाचं काही वाटत नाही. आमच्या घरी सकाळ उजाडायचीच मुळी थपथप अशी. चाकावरून उतरलेलं मडकं आतून दगडी गोट्याचा आधार देऊन बाहेरून लाकडी थापटीने बडवायचं, म्हणजे ते फुगत, पातळ होत जातं. आई पहाटे बसायची ती उन्हं पडवीत येईपर्यंत बडवत राहायची. शाळेच्या अभ्यासातली सगळी पाठांतरं मी त्या ठेक्यावर केली, त्यामुळे अजूनही तेराचा पाढा मला थापटीशिवाय येत नाही.

खाणं साधंच. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, आणि खाडीकडून कोळणी आल्या की सुकट नाहीतर ओले बोंबील. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी, म्हणजे त्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात भरून भाजायच्या. त्या पोपटीला दादा नेहमी चुकलेलं मडकं द्यायचे: तोंड वाकडं झालेलं, बुडाला चीर गेलेलं. आमच्या घरात चुकलेल्या वस्तूलाही एकदा तरी मेजवानी मिळे. माझ्या चार मडक्यांना तीही मिळाली नाही, पण ते पुढे.

घरात दादा, आई, मी आणि सगुणाआत्या. आत्या म्हणजे दादांची धाकटी बहीण. तिला घाटावर दिली होती. नवरा दीड वर्षात गेला आणि सासूने तिला परत पाठवली. मात्र पाठवण्याआधी त्या बाईने, कोण जाणे कोणत्या मायेने, तिला भरली रेघ शिकवली होती. आमच्या आळीत मडक्यावर नक्षी म्हणजे भाजण्याआधी तांबड्या कावेचे चार फराटे. आत्याचं निराळं. मडकं अर्धवट वाळून चामड्यासारखं झालं की ते मांडीवर घ्यायचं आणि छत्रीच्या घासून अणकुचीदार केलेल्या काडीने त्यावर बारीक रेघा कोरायच्या. मग पांढऱ्या मातीचं दाट पाणी बोटाने त्या रेघांत भरायचं. भरताना ते सगळीकडे फासलं जातं, मडकं पार विद्रूप दिसतं. लहानपणी मला ती पायरी फार आवडायची, कारण तेवढा वेळ आत्याचं काम माझ्या कामासारखं दिसे. तासाभराने ती खाडीतला शिंपला घेऊन वरचं सगळं अलगद खरवडायची. लाल माती पुन्हा वर यायची आणि रेघेत तेवढं पांढरं राहायचं. रंगवलेलं नव्हे, आतच बसलेलं. वरून हात फिरवला तर बोटाला रेघ लागत नसे, फक्त डोळ्याला लागे.

परवा माझी नात मातीकामाच्या क्लासला जाऊन आली आणि मला मोबाईलवर दाखवून म्हणाली, आजी, हे बघ, जपान-कोरियाकडची कला आहे, रेघा कोरून त्यात दुसऱ्या रंगाची माती भरतात. मी म्हटलं, अगंबाई, हो का. आणि तिच्याकडून सगळं समजून घेतलं. म्हातारपणी असे फुकटचे आनंद सोडू नयेत.

तर आत्याची ही रेघ आजूबाजूच्या गावांत नावाजली होती. लग्न ठरलं की नवरीकडच्या बायका आमच्याकडे मडकी सांगायला येत. हळदीच्या आदल्या दिवशी त्या ती वाजतगाजत न्यायला येत: अंगणात पाट मांडायचा, मडक्यांवर पाणी शिंपडायचं, हळदकुंकू लावायचं, गाणी म्हणायची, मग डोक्यावर घेऊन निघायचं. पण लग्नाच्या मडक्याला विधवेचा हात चालत नसे. म्हणून बाहेर सगळीकडे सांगितलं जाई की रेघ आई भरते. वाद्यं ऐकू आली की आत्या उठून मागच्या परसात जायची, आणि आई लाजून कौतुक ऐकून घ्यायची. आळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांना ठाऊक असलेलं गुपित जसं जपलं जातं तसं ते जपलं जात होतं. मला त्यात वावगं काही वाटत नसे. आत्याला काय वाटतं हा प्रश्न मला पडलाच नाही. तेरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या दोन वेण्यांपलीकडचं जग किती दिसणार?

मला वेगळीच टोचणी होती. आत्याची पांढरी माती डोंगराकडची एक बाई टोपलीतून आणून देई. ती ओली असताना पांढरी, पण भाजून निघाली की जरा मळकट व्हायची, दुधात चहाचे दोन थेंब पडल्यासारखी. सगळ्यांना ती तशीच आवडायची. मला नाही. त्या चैत्रात शेजारच्या घराला चुना लावत होते आणि ती भिंत उन्हात अशी काही झगझगत होती की मला आमच्या रेघा केविलवाण्या वाटू लागल्या. नेमकं त्याच आठवड्यात उरणच्या वाटेवरच्या एका मिठागरवाल्या घराण्याच्या लग्नाची नऊ मडकी होती. आत्याने नऊवर रेघा कोरल्या, पाच भरल्या, आणि तिला हिवताप चढला. गोधडीतूनच तिने मला सांगितलं की उरलेली चार तू भर, वाटी झाकून ठेवली आहे, वाळायच्या आत भर. इतकी वर्षं पाहत होते, हात माझाही बसला होता. तिने पहिल्यांदाच माझ्यावर लग्नाचं काम सोपवलं होतं. कुणी दुसरी असती तर वाटीतली माती मुकाट्याने भरून मोकळी झाली असती. मी त्या वाटीकडे पाहिलं, नाक मुरडलं, आणि शेजारच्या पिंपातून चुना घेऊन आले.

संध्याकाळपर्यंत माझ्या बोटांची सालं निघाली. रात्री जेवायला बोंबलाचं तिखट कालवण होतं. त्यात बोटं घातली आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. आईला वाटलं आत्याच्या तापाचं मला वाईट वाटतंय. तिने माझ्या ताटात आणखी एक बोंबील वाढला. तो मी खाल्ला. खोटेपणाची ही पहिली कमाई, आणि चवीला उत्तम होती, हे कबूल केलं पाहिजे.

भट्टी उघडली ती मडकी न्यायला यायच्या दिवशीच, सकाळी. चार मडक्यांच्या रेघा अशा पांढऱ्याशुभ्र निघाल्या की दादा हातातलं फडकं विसरून बघत राहिले. माझी छाती एवढी फुगली की त्या वेळी मला पाणी लागलं असतं तर मीच फुटले असते. दादांनी विचारलं, ह्या चारांना काय केलंस गं? मी म्हटलं, काही नाही, मन लावून भरल्या. आत्याचा ताप उतरून दोन दिवस झाले होते, पण तिला मी ती मडकी दाखवली नाही. मनात ठरवलं होतं की बायका कौतुक करतील तेव्हा ते तिने परसातून ऐकावं.

दुपार कलली आणि वाद्यं आली. पुढे नवरीची आजी. तिला तिच्या गावात सगळे मोठीबाय म्हणत. उंच, काळी, नाकात भली थोरली नथ, आणि जिच्यापुढे दादासुद्धा हळू बोलत. आत्या परसात गेली. नऊ मडकी पाटांवर मांडली. मोठीबाय माझ्या चार मडक्यांपाशी थबकली, वाकून पाहू लागली, आणि आईला म्हणाली की या खेपेला तुझ्या हाताने कमाल केली. आई गोंधळली, पण सवयीने लाजली. मग कुणीतरी तांब्या पुढे केला आणि मोठीबायने मडक्यांवर पाणी घातलं. नुसतं शिंपडलं नाही, मन भरून घातलं.

आधी बारीक सूं असा आवाज आला, तापल्या तव्यावर थेंब पडावा तसा. मग टक. मग टक टक. रेघेच्या काठाने लाल मातीचे कपचे उडू लागले. रेघा फुगल्या, भुसभुशीत झाल्या आणि ओघळल्या. गाणाऱ्या बायका एकेक करून थांबल्या, पण वाजवणाऱ्यांना काही दिसत नव्हतं, ते बिचारे आणखी थोडा वेळ वाजवत राहिले. एका मडक्याला गळ्यापासून पोटापर्यंत चीर गेली आणि आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते उमलल्यासारखं उघडलं.

मडकं फुटल्याचा आवाज कुंभाराच्या घरात झोपेतही कळतो. आत्या परसातून धावत आली. कोण आलंय, कशाला आलंय, तिने कुठे थांबायचं असतं, सगळं विसरून ती सरळ मडक्यांपाशी येऊन गुडघ्यांवर बसली आणि तिने फुटलेल्या रेघेवर बोट ठेवलं. ती परसात पुढच्या लग्नाची मडकी भरत होती. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत पांढऱ्या मातीने माखलेले होते. त्या हातांकडे मोठीबायने पाहिलं, मग आत्याच्या कपाळाकडे, मग आईच्या स्वच्छ हातांकडे. विचारायला काही उरलंच नाही.

"पांढऱ्या कपालाचा हात लावलाव आमच्या मडक्यांना," मोठीबाय म्हणाली. आवाज चढवला नाही. "आनि आमाला इतकी वर्सं सांगितलाव नाय."

दादांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी आत्याला आत जायला सांगितलं. मग हात जोडून म्हणाले की दुसरी साधी मडकी देतो, आणि आजपासून माझी बहीण लग्नाच्या मातीला शिवणार नाही. आत्या उठली. पदराला हात पुसू लागली, आणि ती माती ओली असल्यामुळे पदरच पांढरा होत गेला. तिच्याकडे तो शिंपला आणि छत्रीची काडी यांपलीकडे या घरात स्वतःचं असं काहीच नव्हतं, हे मला त्या क्षणी, पहिल्यांदा, कळलं. आणि हेही कळलं की मी गप्प राहिले तर कुणाला कधीच काही समजणार नाही. अपशकुनावर सगळ्यांचा लगेच विश्वास बसला होता. तो बसायला जागा तयारच होती.

मोठा कबुलीजबाब वगैरे देणारी मुलगी मी नव्हते. पळून जायचा विचार आला होता. कोपऱ्यातल्या चिंचेपर्यंतची वाटही डोळ्यांनी मोजली होती. पण पाय हलले ते भलत्याच दिशेला. मी तांब्या उचलला आणि उरलेल्या पाच मडक्यांवर, आत्याच्या, एकेक करून पाणी ओतलं. तांब्या संपला तर बादलीतून भरून आणला. पाणी निथळलं, रेघा ओल्या झाल्या, थोड्या गडद झाल्या, आणि तशाच राहिल्या. कुणालाच कळेना की ही पोर काय करते आहे. शेवटी मी म्हटलं की ही पाच आत्याने भरली आहेत, ती चार मी भरली, आणि त्यात मी भिंतीचा चुना घातला. बोलताना आवाज एवढा बारीक आला की मोठीबायने मला पुन्हा बोलायला लावलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्याहून दसपट अवघड असतं. मग मी पुरावा म्हणून बोटं पुढे केली, सालं निघालेली.

मोठीबायने माझी बोटं धरून निरखली. मग फुटलेल्या मडक्यातली चिमूटभर रेघ उचलून दोन बोटांत चोळली. पान खाणाऱ्या बाईला चुना ओळखायला वेळ लागत नाही. मग तिने त्या नऊ मडक्यांवरून एकदा नजर फिरवली.

"म्हंजे तुजी टिकली," ती आत्याला म्हणाली, "आनि कुवाऱ्या पोरीची फुटली."

मागून एक बाई फिसकन हसली आणि लगेच पदरात तोंड घालून खोकू लागली. मोठीबाय हसली नाही. तिने ती पाच मडकी घ्यायला सांगितली आणि दादांकडून चार साधी. जाताना आत्याला कुंकू लावलं नाही, ओटी भरली नाही, जग काही त्या अंगणात बदललं नाही. पुढच्या मोसमात ती दुसऱ्या नातीची मडकी सांगायला आली तेव्हा आईकडे न पाहता म्हणाली, रेघ तिचीच पायजे. दादा दिलेल्या शब्दाबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत. आमच्या घरात पुरुषांचे शब्द असेच मागे घेतले जात, न बोलता. वाद्यं आली की आत्या तरीही परसातच जायची. मी मोठी झाल्यावर तिला एकदा म्हटलं, आता कशाला जातेस. तर म्हणाली, मागे हवा चांगली येते.

पण त्या दिवशी, बायका गेल्यावर, आईने मला जी धुतली ती मी येथे लिहीत नाही, कारण नातवंडं हे वाचणार आहेत. दादांनी मारलं नाही. त्यांनी फुटलेल्या चार मडक्यांचे तुकडे माझ्याकडून गोळा करून घेतले आणि ते माझ्याकडूनच लांब नाल्यापलीकडे टाकवले, कारण चुन्याची खापरं दळून पुन्हा मातीत घालता येत नाहीत. चार खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला आळीतल्या प्रत्येक दारातून कुणीतरी विचारी, काय गं, कुठे चाललीस? सांगितल्याशिवाय पुढे जाऊ देत नसत, आणि सगळ्यांना आधीच ठाऊक असे.

आत्या मात्र माझ्याशी बोलेना. एक दिवस गेला, दोन गेले. वाढायची, वेणी घालायची, पण शब्द नाही. मला वाटत होतं, ती आभार मानायला लाजते आहे. खरंच, असं वाटत होतं. सगळ्यांदेखत मी खरं सांगून तिची अब्रू वाचवली होती, तिचं काम वाचवलं होतं. कधीतरी डोक्यावरून हात फिरवून दोन शब्द बोलेल म्हणून मी तिच्या मागे मागे करत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी ती परसात मडकं मांडीवर घेऊन शिंपल्याने खरवडत बसली होती. मी समोर जाऊन उकिडवी बसले. लाल माती वर येत होती, रेघ उघडी पडत होती. हात न थांबवता आणि वर न बघता, ती म्हणाली,

"मला अपशकुनी म्हणाले, ते मला नवं नाही, बाळा. पण माझी रेघ मळकी आहे, असं तुला कधीपासून वाटत होतं?"